बदरच्या नावातली जागा

बगदादच्या खूप दक्षिणेला, सूक अश्शुयूखमध्ये कुणाचं माणूस गेलं की पहिला निरोप ताबूत, म्हणजे मढ्याची लाकडी पेटी, आणायला जायचा आणि दुसरा नश्मिया मुल्लायाला. पुरुषांची बैठक बाहेर तंबूत, कडू कॉफी आणि सिगारेटींवर चालायची. बायकांची आत, घरात. तिथे काळ्या अबायांच्या गर्दीत मधोमध उशीवर बसून रडणं उभं करायचं, चढवायचं आणि कुणी बेशुद्ध पडायच्या आत उतरवायचं, हे मुल्लायाचं काम. नश्मियाने ते चाळीस वर्षं केलं. ठेंगणी बाई, एका डोळ्यात फूल पडलेलं, हनुवटीवर निळं गोंदण. चार पावलं चालली तरी धाप लागायची. पण उशीवर बसून आवाज लावला की गोठ्यातल्या म्हशी रवंथ थांबवतात, असं लोक म्हणायचे. माझी आई मदीहा तिची शिष्या. आईने हे म्हशींचं शपथेवर सांगितलं असतं.

मयताच्या दारातच ती विचारायची, नाव काय? मग ते नाव ओठ न हलवता तोंडात घोळवायची, खजुराची बी सोडवताना घोळवतात तसं. करीम, हमीद, जब्बार असं काही असलं की तिचा चेहरा सैल पडायचा. अशा नावांना दार असतं, म्हणायची. त्या दीर्घ स्वरावर आवाज हवा तितका वेळ उभा राहतो. पण फह्द, सक्र, नस्र असं निघालं की सुस्कारा टाकायची. बंद नाव. खिडकी पाडावी लागणार.

खिडकी पाडायची म्हणजे नावाच्या शेवटी एकमेकांना चिकटून बसलेल्या दोन अक्षरांमध्ये एक स्वर सारायचा. फह्दचा फहद, नस्रचा नसर. तसं बोलताना आमच्याकडे सगळेच हे करतात आणि कुणाला कळतही नाही. जीभ आपली सोय बघते. कब्रची कबर होते, सब्रचा सबर होतो. बोलण्यातला हा स्वर तिळाएवढा असतो. नश्मिया त्या तिळावर अख्ख्या घराचं दुःख उभं करायची. "नस..." म्हणून थांबायची, आणि मग तो मधला 'अ' असा ओढायची की बायकांना वाटायचं तो गेलेला माणूस त्या आवाजाच्या दुसऱ्या टोकाला धरून ठेवलाय. शेवटचा 'र' आला की तो सुटायचा, आणि सगळ्या एकदम कोसळायच्या.

तिचे दीर उस्ताद महदी प्राथमिक शाळेत अरबी व्याकरण शिकवायचे. त्यांना हे अजिबात सहन व्हायचं नाही. जेवताना, चहा घेताना, बाजारातून येताना ते वहिनीला गाठून सांगायचे की शब्द देवाने जसा उतरवला तसाच म्हणावा, त्यात आपल्या पदरचं अक्षर घालणं म्हणजे दुधात पाणी घालणं. ती ऐकून घ्यायची. एकदा मात्र भरल्या घरात म्हणाली की भाऊजी, तुमच्या दोन म्हशी एकदम दारातून घुसतात तेव्हा तुम्हीच मध्ये काठी घालता ना, मग माझ्या दोन अक्षरांच्या मध्ये मी घातली तर दूध कुठे नासलं? बायका तोंडाला पदर लावून हसल्या. उस्तादांनी त्या दिवशी दुसरा चहा घेतला नाही.

ही कला शिकायची तर नाव लागतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. जिवंत माणसाचं नाव असं ओढायचं नाही. ओढलेलं नाव मृत्यूच्या कानावर जातं. इमामांची नावं शिकाऊ तोंडाने खेळवायची नाहीत, पाप लागतं. म्हणून आमच्याकडच्या मुल्लाया एक रिकामं नाव जवळ ठेवत, आसपासच्या गावांत कुणाचंच नसलेलं. नश्मियाला तिच्या आंधळ्या गुरूकडून मिळालेलं रिकामं नाव होतं बद्र.

पासष्ट-सहासष्टच्या सुमारास माझी आई आणि आणखी तिघी तिच्याकडे शिकायला जात. नदीकाठच्या बोरूच्या झोपडीत बसायच्या. नश्मियाचा नवरा मंशद बाहेर चटया विणायचा आणि या आत बद्रला मारायच्या. रोज. तालीम सुरू करताना नश्मिया विचारायची, आज बद्र कसा मेला? एकजण म्हणायची तराफ्यावरून घसरला, दुसरी म्हणायची सासूच्या हातचा मासा खाल्ला. माझी आई एकदा म्हणाली की लग्नाच्या रात्री नवरीच्या तोंडावरचा पदर बाजूला केला आणि जागीच गेला. बाहेरून मंशद ओरडला की त्यात नवल काय, मीही गेलोच होतो. हसून हसून ओले झालेले डोळे पुसायचे आणि त्याच डोळ्यांनी बद्रसाठी रडायला बसायचं. खोटं रडणं आधी जमलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. खरं रडणं आपोआप येतं, पण त्याला आवाज नसतो, आणि घरात आवाज लागतो.

माझ्या आईला खिडकी कुठे पाडायची ते बरेच महिने कळत नव्हतं. ती पहिल्याच अक्षराला लोंबकळायची. नश्मियाने तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवून घेतला आणि दहादा म्हणून दाखवलं. मग म्हणाली, "मदीहा, ते मधलं अक्षर आईबापांनी ठेवलेलं नसतं. कागदावर लिहिलेलं नसतं. ते मागे राहणाऱ्यांचं असतं. तेवढंच आपलं असतं त्या नावात, म्हणून तिथेच रडायचं."

त्या दिवसापासून आईला ते जमलं, आणि दक्षिणेत तिच्याइतकं सुरेख बद्रचं नाव कुणी ओढत नसे.

नश्मियाला मूल टिकत नव्हतं. चार झाली, चारही वर्षाच्या आत गेली. सत्तर साली पाचवा मुलगा झाला. आमच्याकडे अशा मुलाला दृष्ट लागू नये, मृत्यूला त्याचा मोह पडू नये म्हणून वाईटसाईट नाव ठेवतात. मंशदच्या चुलतभावाचं नाव ज़बाला होतं, म्हणजे कचरा, आणि तो नव्वदीपर्यंत जगला. सातव्या दिवशी बायका जमल्या तेव्हा कुणी म्हणे कुत्रा ठेवा, कुणी म्हणे काटा. माझी आई बाळाला तेल लावत होती. नश्मिया अंथरुणातून म्हणाली, याचं नाव बद्र.

आईचे हात थांबले. बाकीच्या हसायला लागल्या, त्यांना थट्टा वाटली. ज्या दाईने पाचही बाळंतपणं केली होती ती रागावून म्हणाली, अगं, ते मेलेल्याचं नाव आहे.

"म्हणूनच," नश्मिया म्हणाली. "या नावावर आम्ही पंधरा वर्षं रडतोय. माझ्या गुरूने तीस वर्षं रडून घेतलं. मृत्यूने हे नाव इतक्यांदा ऐकलंय की त्याला वाटेल हा तर मी कधीच नेला. तो दुसऱ्या दारी जाईल. माझ्या पोराच्या वाटचं रडून झालंय."

दाई पुटपुटली, पण मंशदने ते नाव बाळाच्या कानात सांगितलं, आणि ते ठरलं. खरं म्हणजे हे फक्त मुल्लायाच्याच डोक्यात येऊ शकलं असतं. दुसरी कुठली आई मृत्यूला इतक्या जवळून ओळखत नव्हती, की त्याला फसवता येईल असं तिला वाटावं. रिकामं नाव असं भरून गेल्यावर तिने नवं शोधलं नाही आणि शिकवणंही बंद केलं. माझी आई तिची शेवटची शिष्या ठरली.

मुलगा टिकला. पहिलं वर्ष गेलं, गोवर गेला, नदीचा ताप गेला. मंशद वारला तेव्हा बदर नऊ वर्षांचा होता. घरात, गल्लीत सगळे त्याला बदरच म्हणायचे, त्या तिळाएवढ्या स्वरासकट, आणि नश्मियाही. पण तिचं एक पथ्य होतं. तो लांब असला, कालव्यापलीकडे खेळत असला, तर ती त्याला नावाने हाक मारत नसे. लांबवर हाक जायची तर नाव ओढावं लागतं. ती दारात उभी राहून पत्र्याचं ताट पळीने बडवायची. गल्लीतली पोरं त्याला चिडवायची की तुझी आई तुला कोंबड्यांसारखी बोलावते. तो हसत यायचा, दोन भाकरी खाऊन पुन्हा पळायचा. उंच, हाडकुळा, कायम भुकेला. सुरात एक ओळ म्हणता यायची नाही. पुढे होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला शिकला, अंगाला कायम डिझेलचा वास. सक्तीच्या भरतीत सैन्यात गेला, सीमेवर दोन वर्षं काढून परत आला. तेव्हा नश्मियाने माझ्या आईला कोपऱ्यात घेऊन सांगितलं की बघ, चकवला की नाही. एवढी खुशीत मी तिला नंतर कधी पाहिली नाही, असं आई म्हणायची.

एक्याण्णवच्या वसंतात सरकारविरुद्ध बंड झालं आणि मोडलं. लष्कराचे ट्रक गावात आले. बदरने त्यात काय केलं होतं कुणास ठाऊक. तो एका होडीचं इंजिन घेऊन पुलावरून येत होता एवढंच लोकांनी पाहिलं. त्याला ट्रकमध्ये चढवलं. इंजिन पुलावरच राहिलं. दोन दिवसांनी उस्ताद महदींनी ते गाढवावर घालून घरी आणलं, आणि अंगणात ठेवून तिथेच खाली बसले.

त्या उन्हाळ्यात अनेक घरांनी ट्रकमधून नेलेल्यांच्या परतीची आशा सोडली आणि शोकाची बैठक घातली. मढं नाही, कागद नाही, नुसती बैठक. नश्मिया प्रत्येक घरी गेली. दिवसाला दोन-दोन घरं केली. परक्या आयांना तिने रडवलं, त्यांची डोकी मांडीवर घेतली. तिच्या स्वतःच्या घरी मात्र बैठक नाही. कुणी विषय काढला की म्हणायची, तो इंजिन न्यायला येईल.

आणि तेव्हापासून तिने नाव बदललं. म्हणजे नाव तेच, पण ती आता बद्र म्हणायला लागली. पुस्तकातल्यासारखं, दोन्ही अक्षरं आवळून, मध्ये वाराही जाणार नाही असं. बद्रचा सदरा. बद्रला हे आवडतं. बद्र येईल. एक अक्षर न वाचता येणारी बाई बगदाद रेडिओच्या निवेदकासारखी बोलतेय म्हणून बाजारात लोक हसले. शेजारची उम्म जासिम मागून म्हणाली की म्हातारी शहाणी झाली बघा, पोराला स्वतःच्या तोंडाने ओढून ओढून पाठवला आणि आता तोंड मिटलंय. हे नश्मियाच्या कानावर गेलं. तिने ते खोडलं नाही. माझ्या आईला तिने एवढंच विचारलं की तूसुद्धा असंच धरून चालतेस का. आई नाही म्हणाली. आईच्या मनात त्याच वेळी तो लग्नाच्या रात्रीचा विनोद आला होता, हे तिने मला खूप वर्षांनी सांगितलं.

आईला कळत होतं ती काय करतेय ते. जिथे रडणं उभं राहतं ती जागाच तिने बुजवून टाकली होती. नावात फटच नाही म्हटल्यावर शोक आत शिरणार कुठून? तो जिवंत राहायचा तर नाव बंद राहायला हवं होतं.

सगळ्यात जास्त हाल उस्तादांचे झाले. आयुष्यभर ज्या शुद्ध उच्चारासाठी ते वहिनीशी भांडले, तो आता रोज कानावर पडायचा आणि त्यांना जेवण जायचं नाही. एका संध्याकाळी ते आमच्या अंगणात आले. नश्मिया आईबरोबर तांदूळ निवडत बसली होती. ते उभ्या उभ्याच म्हणाले, "वहिनी, माझं चुकलं. तू आपलं चुकीचं म्हण. घरात आपला मुलगा होता, त्याला आपल्यासारखं म्हण."

"भाऊजी, शुद्ध तेच बरं असतं," ती म्हणाली आणि सुपातले तांदूळ पाखडायला लागली.

बारा वर्षं अशी गेली. दोन हजार तीनला ते सरकार पडलं आणि मे महिन्यात बातमी आली की उत्तरेला एका शेतात जमीन उकरताहेत, एकेका खड्ड्यात शेकड्याने मढी आहेत. उस्ताद महदी तेव्हा सत्तरीच्या पुढचे, काठी घेऊन चालायचे. ते गेले. पाच दिवस त्या शेतात फिरले. पांढऱ्या कापडाची गाठोडी मांडलेली असायची, प्रत्येकावर जे सापडलं ते ठेवलेलं: ओळखपत्र, जपमाळ, चप्पल. सहाव्या दिवशी ते टॅक्सीने परत आले. टपावर ताबूत होता, कारण ताबूताशिवाय माणूस घरी आणणं बरं दिसत नाही. पण आतलं गाठोडं एका माणसाला काखेत धरता आलं असतं. प्लॅस्टिकच्या पाकिटातलं ओळखपत्र वाचता येत होतं.

गल्ली भरली. नश्मिया भिंतीला टेकून बसली होती. आमच्याकडे रीत अशी की मुल्लायाने स्वतःच्या मढ्यावर गायचं नाही, दुसरीला बसवायचं. दुसरी म्हणजे माझी आई. तिने उशी ओढून घेतली. मी दारात होते, मला तिचे हात दिसत होते. ती अबायाची कड मुठीत घट्ट धरून बसली होती. तिने सुरुवात केली आणि ते नाव आलं. तिला ते येणारच होतं. तारुण्यातली चार वर्षं ती दुसरं काही शिकलीच नव्हती. मधला स्वर तिने जिथे पाडायचा तिथेच पाडला, ओढला, वर नेला, टोकाला एक क्षण धरला आणि सोडला. इतकं निर्दोष मी पुन्हा कुणाकडून ऐकलेलं नाही. बायका छाती पिटायला लागल्या, उम्म जासिम सगळ्यांत मोठ्याने.

नश्मियाने हात वर केला. बैठक थांबली.

"मदीहा, छान झालं," ती म्हणाली. डोळे कोरडे होते. "पण हे तू माझ्याकडे शिकलीस ते आहे. तराफ्यावरून पडलेला, मासा खाल्लेला. यात माझा मुलगा नाही."

आईने मान खाली घातली. नश्मिया स्वतः प्रयत्न करायला लागली. रीत मोडून, भिंतीला टेकूनच. तोंड उघडलं, "बद्र" म्हणाली. पुन्हा म्हणाली. बंद दरवाजावर कुणी बोटाने ठोठावावं तसा आवाज येत होता, बद्र, बद्र, आणि मधली जागा उघडत नव्हती. अख्ख्या जिल्ह्याच्या नावांना खिडक्या पाडलेली बाई. शेवटी ती थांबली आणि म्हणाली, सगळं खोटं रडण्यात वापरून टाकलं गं, त्याच्यासाठी ठेवलंच नाही. बायका उठून एकेक करून चहा करायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दफनासाठी नजफला निघालो. रस्त्यावर त्या दिवसांत ताबूत बांधलेल्या गाड्यांची रांग असायची. कबरस्तानात ऊन भाजत होतं. खणणाऱ्यांनी कबर पूर्ण मापाची खणली होती, आणि त्यात ते गाठोडं ठेवल्यावर भोवती फार मोकळी जागा उरली. शेख उतरला. मढ्याला शेवटची शिकवण सांगताना खांद्याला धरून हलवतात, म्हणजे त्याने ऐकावं. इथे खांदा कुठला? शेखने कापडावर नुसता हात ठेवला आणि घाईघाईने म्हणायला लागला. मागे तीन ताबूत थांबले होते. "ऐक, समज, हे बद्र, मंशदच्या मुला..."

"असं नको," नश्मिया म्हणाली.

ती बायकांच्या घोळक्यातून पुढे आली होती आणि कबरीच्या कडेला उभी होती. शेखने वर पाहिलं. त्याला वाटलं नाव चुकलं. त्याने उस्ताद महदींना विचारलं, ओळखपत्रावर हेच आहे ना?

"नाव तेच आहे," ती म्हणाली. "पण असं त्याला कुणी बोलवत नव्हतं. त्याला कळणार नाही तुम्ही कुणाला सांगताय."

शेख समजावणीच्या सुरात म्हणाला, "आई, शुद्ध असंच आहे."

"शुद्ध मी बारा वर्षं म्हणतेय," नश्मिया म्हणाली. "तो आला नाही. बदर म्हणा."

आपण काय बोललो ते तिला बोलून झाल्यावर कळलं. तिने तोंडावर हात ठेवला. तिळाएवढाच तो स्वर, बाजारात कुणीही म्हणेल तसा, पण मी आईकडे पाहिलं तर तिने अबायाची कड पुन्हा मुठीत धरली होती. नश्मियाने हात काढला आणि पुन्हा म्हणाली, "बदर." हळू. मग तिसऱ्यांदा म्हणायला गेली आणि तो मधला स्वर तिच्या हातून निसटला, लांबत गेला. त्यात कला नव्हती. सूर नव्हता. मध्येच फाटला, पुन्हा कुठून तरी लागला, कालव्यापलीकडच्या माणसाला ऐकू जावा तसा वाढत राहिला. शिष्येने अशा वेळी मागून आवाज उचलायचा असतो. आई उचलायला गेली तेव्हा नश्मियाने न बघता तिचं मनगट पकडलं, आणि ती एकटीच ओढत राहिली. खणणारे विटांच्या ढिगावर बसले. मागच्या तिन्ही ताबूतांची माणसं थांबली.

'र' काही आला नाही. श्वासच संपला, आणि ती खाली बसली.

उस्ताद महदींनी शेखकडे पाहून मान हलवली, चालू करा म्हणून. शेखने पुन्हा कापडावर हात ठेवला. या वेळी त्याने घाई केली नाही. वाकून, जवळ जाऊन, आमच्या गल्लीतल्या कुणा माणसासारखं म्हणाला, "बदर, ऐक."